रॅम्पंट म्हणजे काय गं?

आत्याला इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी अक्षर तिच्याइतकं देखणं आमच्या आसपास कुणी काढत नसे. रोपवाटिकेत तिचं कामच ते होतं. नवी रोपं आली की त्यांच्यासोबत छापील कागद येई. त्यावरचं नाव आणि नावाखालचे दोन-चार गुण पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर उतरवायचे आणि ती पट्टी कुंडीत खोचायची. तेही शिसपेन्सिलीनं, कारण शाई उन्हात उडून जाते. तिथले सगळे तिला पट्टीबाई म्हणत. घरी बाबांची ती ताई, आईची वन्सं, आणि माझी आत्या. तळ्याच्या धक्क्याजवळ चढावर आमच्या दोन खोल्या होत्या, त्यातल्या आतल्या खोलीत खिडकीपाशी तिची कॉट.

ती अक्षरं वाचत नसे, त्यांची चित्रं काढत असे. "हा आर बघ," म्हणायची, "एक पाय पुढे टाकून उभा आहे, बसची वाट बघत असल्यासारखा. आणि हा एस म्हणजे आपला मालक. सरळ उभं राहायचं माहीतच नाही."

लोकांना वाटतं रोपवाटिका म्हणजे झाडांचं पाळणाघर. आत्याला हे पटत नसे. "पाळणाघर कसलं? दवाखाना म्हणा. अर्धी ॲडमिट होतात ती उठतच नाहीत." तिनं आयुष्यभर हेच बघितलं होतं. सकाळी टवटवीत दिसलेलं रोप संध्याकाळी मान टाकतं. कुणाच्या मुळाला बुरशी, कुणाला ऊन सोसत नाही, कुणी नुसतं जागा बदलली म्हणून रुसून मरतं. त्यामुळे तिथल्या माणसांची एक रीतच पडून गेली होती. मूळ जिवंत आहे तोवर काही कचऱ्यात जायचं नाही. वाकडं, किडकं, न खपलेलं, काहीही असो, मागच्या भिंतीपलीकडे नेऊन जमिनीत टेकवायचं आणि म्हणायचं, "जा बाबा, बघ तुझं तू." याला ते 'मोकळं करणं' म्हणत. 'फेकलं' असं कुणी म्हणालं तर आत्या कामावरून घरी येईपर्यंत फणफणत असे.

बाबा तळ्यावर नाव चालवायचे. अलीकडे आमची वस्ती आणि रोपवाटिका, पलीकडे दवाखाना आणि कपडे शिवायचा कारखाना. रस्त्यानं गेलं तर बस सगळ्या तळ्याला वळसा घालून, वाटेत दहा ठिकाणी थांबत, माणसाचा जीव काढत जाई. नावेतून मात्र एक गोष्ट सांगून संपेपर्यंत पलीकडचा काठ यायचा. बाबांची माणसं ठरलेली होती. एक नर्स होती, डोळ्यांत झोप असलेली. कारखान्यातल्या शिवणाऱ्या बाया होत्या, त्या बसल्या की नाव हसायला लागायची. बाबा वल्हं मारता मारता सगळ्यांची दुखणीखुपणी ऐकून घेत आणि उतरताना प्रत्येकाला काहीतरी टोला हाणत.

एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. आत्या बोटं चोळत आली आणि म्हणाली, "ए पोरी, रॅम्पंट म्हणजे काय गं?"

मी नुकतीच कॉलेजला जायला लागले होते, त्यामुळे घरातल्या इंग्रजीचं सगळं ओझं माझ्या डोक्यावर. "कुठे वाचलंस?"

"वाचतेय कुठली! काढलं. सकाळपासून तेच काढतेय. जांभळी राणीच्या प्रत्येक पट्टीवर आहे."

जांभळी राणी हे मालकानं ठेवलेलं नाव. पाण्यावर तरंगणारं झाड, देठ फुगीर, पानं तुकतुकीत, आणि वर फिकट जांभळ्या फुलांचा तुरा. हौशी लोक अंगणातल्या टाकीसाठी, हॉटेलातल्या कारंज्यासाठी घेऊन जात.

"रॅम्पंट म्हणजे भराभर वाढणारं," मी म्हटलं. "ज्याला आवर घालता येत नाही असं."

"फोफावणारं?"

"त्याहून जास्त."

"मोकाट?"

"जवळ आलीस."

बाबा ताटातून मान वर न काढता म्हणाले, "माजलेलं म्हणा की सरळ."

"माजलेलं नको रे," आत्या म्हणाली. "ती शिवी झाली. कुंडीत शिवी खोचतात का कुणी?"

आई ओट्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "बोकाळलेलं. पेपरात येतं ना, चोऱ्या बोकाळल्या, अफवा बोकाळल्या."

"आईचा शब्द बरोबर आहे," मी म्हटलं. "हा शब्दही असल्याच गोष्टींना लावतात. रोगाला, तणाला, लाचखोरीला, अफवांना. चांगल्या गोष्टीला फारसा लागत नाही. आमच्या गावात प्रामाणिकपणा रॅम्पंट झालाय असं कुणी लिहीत नाही."

"होत नाही म्हणून लिहीत नाहीत," बाबा म्हणाले.

आत्या मात्र घास हातात धरून बसली होती. "म्हणजे वाढ आहे, पण कुणी थांबवू शकत नाही. एवढंच ना?"

"एवढंच."

"मग त्यात वाईट काय आहे? मी सगळा जन्म एकेका रोपापुढे बसून वाढ गं बाई, वाढ गं बाई करतेय. आणि ही एकटी बया न सांगता वाढते, तर तिला नावं ठेवू? खत नको, औषध नको, कौतुक नको. आज ओंजळभर ठेवली तर सुट्टी संपवून येईपर्यंत टाकी भरलेली. रॅम्पंट तर रॅम्पंट! माझी गुणाची आहे ती."

शब्द घरात आला तो राहायलाच. बाबांची दाढी रॅम्पंट झाली, आता न्हाव्याकडे जा. माझ्या फोनचं वाजणं रॅम्पंट. एकदा आईच्या माहेरून एकामागून एक पाहुणे आले, तेव्हा बाबांनी तोंड उघडायच्या आत आईनं पोळपाटावरून लाटणं उचललं. "माझ्या माहेरच्यांना तो शब्द लावायचा नाही. सांगून ठेवते."

"मग काय म्हणू? फोफावले?"

"काही म्हणू नका. ताटं घ्या."

थोड्याच दिवसांत मालकाला ती मोठी टाकी कमळांसाठी हवी झाली. मालक वाईट नव्हता, सदा घाईत असे इतकंच. चालता चालता हुकूम सोडायचा आणि उत्तर यायच्या आत पुढच्या शेडमध्ये पोचलेला असायचा. "ही जांभळी राणी थोडी ठेवा, बाकीची काढून ढिगावर टाका. वाळून जाईल." टाकीत तर पाणी दिसत नव्हतं इतकी ती दाटली होती, आणि वर सगळी फुलं. टाकीभोवती कामगार उभे राहिले. कुणीच हात घालेना. शेवटी आत्यानं टोपल्या मागवल्या, हातगाडी मागवली, आणि सगळं भरून धक्क्यावर घेऊन आली.

बाबा नाव बांधत होते. "हे काय गं ताई?"

"मोकळं करायला आणलंय."

"पाण्यात?"

"पाण्यातलंच आहे ना ते."

बाबांनी एक तुरा उचलून नाकाला लावला. वास नव्हता. तरी ते खूष झाले. दोघांनी मिळून पायऱ्यांच्या कडेकडेनं सगळी रोपं पाण्यावर ठेवली, लहान मुलांना ओळीत बसवावं तशी. दुसऱ्या दिवशी शिवणाऱ्या बायांनी नावेत बसायच्या आधी तिथे उभ्या राहून फोटो काढले. नर्स म्हणाली, "दादा, आमच्या बाजूला पण लावा की थोडी. पेशंटना खिडकीतून दिसेल." बाबांनी तिच्यासाठी एक टोपली पलीकडे नेऊन सोडली. त्या वर्षी बाबा आमच्या धक्क्याला 'ताईची बाग' म्हणायचे. "चला, बागेतून निघतोय, पाकळ्या तोडू नका." आत्या रोपवाटिकेतून परत येताना घरी न येता आधी तिथे जाऊन बसायची. आयुष्यात पहिल्यांदा तिनं सोडलेलं काहीतरी जगलं होतं.

पुढच्या वर्षी वल्ह्याला मुळं लागायला लागली. ओल्या केसांचा गुंता हातात यावा तशी ती वल्ह्यावर चढून येत. बाबा नाव थांबवून ती सोडवत. नंतर सोडवायला वेळ नसे, म्हणून वल्ह्याच्या कडेनं फटके मारून ते तोडून टाकत आणि पुढे जात. मग एक दिवस नावेचा दोर दिसेना. तो त्या पानांच्या खाली गेला होता आणि तो ओढताना अर्धी बाग त्याच्याबरोबर वर आली.

आत्या रोज संध्याकाळी विचारू लागली, "आज किती वेळ लागला रे?"

"लागला थोडा."

"तू त्याला वल्ह्यानं मारतोस ना?"

"मग काय करू, हात जोडू? सरका म्हणू?"

"मारू नकोस. तुटलेल्या प्रत्येक तुकड्याचं नवं झाड होतं. मी टाकीत बघितलंय."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "हे आधी नाही सांगितलंस."

"आधी ते मला चांगलं वाटायचं," आत्या म्हणाली.

त्यानंतर बाबा फटके मारायचे थांबले. पण तोपर्यंत मारलेल्या फटक्यांची झाडं तळ्यात सगळीकडे झाली होती. पलीकडून नर्सच्या खिडकीखालची बाग पुढे सरकत होती आणि अलीकडून आमची. मधे निळ्या पाण्याचा पट्टा राहिला होता, तो महिन्यामहिन्यानं अंगावरच्या आखूड होत जाणाऱ्या कपड्यासारखा दिसू लागला. शिवणाऱ्या बाया कामावर उशिरा पोचू लागल्या. आधी एक बसनं गेली, मग तिच्या सोबतीला दुसरी. उतरताना एकजण ओशाळून म्हणाली, "दादा, रागवू नका. साहेब खाडा मांडतो हो."

"राग कसला?" बाबा म्हणाले. "बसमध्ये जागा धरून ठेवा. मीही येतो." त्या हसल्या. परत आल्या नाहीत. नर्स तेवढी येत राहिली. नावेत बसून झोपायची सवय होती तिला, आणि आता तर प्रवास लांबल्यामुळे झोपही पुरेशी होत होती.

मग निरोप आला. जलविभागाच्या बाई पाहणीला येणार होत्या. फेरी चालू ठेवायची की नाही हे त्या ठरवणार होत्या. बाबांनी घरात येऊन आम्हा तिघींसमोर जे सांगितलं ते मला त्यांच्या आवाजासकट आठवतं. "चालू फेरी ते बंद करत नाहीत. अडकलेली फेरी ते चालू करत नाहीत. बाईंना बसवून मी या काठावरून त्या काठाला गेलो, तर नाव राहिली. नाही गेलो तर गेली. यात तिसरं काही नाही."

"जाशील," आत्या म्हणाली.

तिनं रोपवाटिकेतून रजा घेतली. लांब बांबूला लोखंडी आकडा बांधून घेतला आणि पहाटे उजाडताच पाण्यात उतरली. आकड्यानं ओढायचं, कवेत घ्यायचं, काठावर नेऊन टाकायचं. सुकं असताना ते वाऱ्यावर उडेल इतकं हलकं, आणि ओलं असताना भिजलेल्या गादीएवढं जड. आई घरचं आवरून येई. मी कॉलेज बुडवलं. नर्स ड्यूटी संपवून तशीच पाण्यात उभी राहायची. सुट्टीच्या दिवशी शिवणाऱ्या बाया आल्या, साड्या खोचून, आणि एक दिवस पुन्हा तळ्यावर हसण्याचा आवाज ऐकू आला. एकीनं गळ्यात मुळांचा हार घातला. "बघा गं, साहेबांची माळ!" दुसरी म्हणाली, "तुला शोभते हो, सुटका नाही तुझी."

आत्या हसत नव्हती. ती एकसारखी मागे वळून बघायची, ओढून झालेल्या जागी काही तरंगतंय का ते. एखादं पान दिसलं तरी परत जायची.

आईनं एकदा मला बाजूला घेऊन म्हटलं, "वन्संच्या हातांना बघ. लिंबासारखे पिळून निघालेत." मी आत्याला म्हटलं, थोडी बस. ती म्हणाली, "बसले तर ते बसतं का?"

पाहणीच्या आदल्या दिवशी वाट झाली. काठापासून काठापर्यंत, नाव जाईल एवढी. बाबा एकटेच नाव घेऊन गेले आणि आले. येताना त्यांनी शीळ घातली, आम्ही कितीतरी दिवसांत ती ऐकली नव्हती. नावेतूनच ओरडले, "ताई, रस्ता एकदम हायवे आहे गं!" आत्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

बाई सकाळी येणार होत्या, त्या जेवणवेळ होत आली तेव्हा आल्या. चाळिशीच्या आसपासच्या, बोलायला साध्या, पायांत पांढरे बूट. सोबत एक शिपाई, फाईल डोक्यावर धरून उन्हाशी भांडणारा. आकडा घेऊन आत्या नावेत आधीच बसली होती. मी तिच्या मागे. बाबांनी बाईंना हात देऊन बसवलं आणि नाव सोडली.

अर्ध्या वाटेपर्यंत सगळं छान होतं. बाबा बाईंना विचारत होते, पोहता येतं का, आणि बाई म्हणत होत्या, यायला हवं का? मग वारा उठला. आधी फक्त शिपायाच्या फाईलचे कागद फडफडले. मग तळ्याच्या वरच्या अंगाला साचलेलं सगळं हिरवं, ज्याला आम्ही हात लावला नव्हता कारण ते वाटेत नव्हतं, ते सगळंच्या सगळं एकदम सरकायला लागलं. आवाज मुळीच नव्हता. बाईंनी बोट केलं. "ते हलतंय का?"

"नाही बाई," बाबा म्हणाले. "आपण हलतोय म्हणून तसं दिसतं."

आणि त्यांनी वल्हं मारायचं थांबवलं. नाव थांबली. ते हलतच होतं.

पुढची वाट आमच्या डोळ्यांदेखत मिटली. बाबांनी नाव वळवायला घेतली तेव्हा मागचीही मिटत होती. मग चहूकडून तो जांभळा तुरा, नावेच्या कडेला टेकून उभा. फुलं इतकी जवळ होती की शिपायानं एक तोडलं. मग सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटून त्यानं ते खिशात ठेवलं.

आत्या उभी राहिली. आकडा टाकून ओढू लागली. ओढलेलं ठेवणार कुठे? नावेत घेऊ लागली. बाईंच्या पांढऱ्या बुटांवर पाणी, चिखल, मुळं.

"ताई, बस खाली. तोल जाईल."

"तू वल्हं मार. मी पुढचं काढते. मार!"

"ताई."

"मावशी, राहू द्या," बाई म्हणाल्या. "नाही निघायचं."

आत्या वळली. "बाई, हे मी आणलंय. मी स्वतः आणून सोडलंय, हातगाडीवरनं. याला यात काही धरू नका. फेरी याची आहे, चूक माझी आहे."

"ती एकटी नव्हती," बाबा म्हणाले. "पाण्यात मी सोडलं. पलीकडेही मीच नेलं."

"तू गप बस. तुला काय कळतं झाडांतलं? तुला मी सांगायला हवं होतं."

"आणि फटके कुणी मारले? तू मारलेस?"

नावेत दोघं अशी भांडत होती, चूक आपल्याच वाटणीला यावी म्हणून. बाईंनी ते थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असली पुष्कळ तळी आहेत आमच्याकडे. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी भेटतंच, मी आणलं म्हणणारं. जलपर्णी म्हणतात याला. पाण्याबरोबर वाहत येते, गाड्यांच्या चाकांतून येते, लोक हौसेनं आणतात. तुम्ही नसती आणली तर दुसऱ्या कुणी आणली असती."

त्यांना हे दिलासा म्हणून सांगायचं होतं. आत्याचा चेहरा एखाद्यानं हातातली वस्तू हिसकावून घ्यावी तसा झाला. "बाकीच्या तळ्यांचं मला नका सांगू. इथलं मी आणलंय."

"बरं, तुम्ही आणलंत. आता काढता येतंय का तुम्हाला?"

आत्या बसली.

बाबांनी विचारलं, "यंत्र असतं म्हणे काढायचं."

"आहे. एकच आहे. पिण्याच्या पाण्याची तळी आधी. तुमचा नंबर फार मागे आहे. आणि खरं सांगू का दादा, यंत्र काढून जातं, पण तळाशी बी राहतं. वर्षानुवर्षं राहतं. मी तुम्हाला उगाच आशा लावत नाही."

वारा पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. शिपाई हळूच म्हणाला, "बाई, माझा डबा ऑफिसात राहिला." कुणी हसलं नाही. बाईंनी फोन काढून आपल्या वरच्या साहेबांना इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, दमलेल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून. आत्यानं माझा गुडघा दाबला.

"म्हणाल्या ना? रॅम्पंट?"

"हो."

"कशाला लावला?"

"वाढीला. तळ्यातल्या."

"सबंध वाक्य सांग."

मी खाली बघून सांगितलं. "जलपर्णीची वाढ रॅम्पंट आहे, त्यामुळे फेरी सुरक्षित नाही, ती बंद करावी."

आत्यानं मान हलवली, रोपवाटिकेत एखाद्या रोपाचं देठ दाबून बघितल्यावर हलवायची तशी. बाबांकडे तिनं बघितलं नाही. बाबांनी ऐकलं होतं.

वारा पडल्यावर बांबूनं रेटत रेटत नाव परत आली. ज्या काठावरून निघाली होती त्याच काठाला.

बाबांना पुढे दवाखान्यात काम लागलं. वाहनतळावर शिट्टी वाजवून गाड्या लावून घ्यायचं. गणवेश मोठा होता, बाह्या दुमडून घालायचे. सकाळी बसनं जायचे, संध्याकाळी बसनं यायचे, आणि खिडकीची जागा मिळाली तरी तळ्याच्या बाजूला बसत नसत. नर्स भेटली की दोघं एकमेकांना हात करत. बोलायला वेळ नसे, पाठीमागे हॉर्न वाजत असत.

आत्या रोपवाटिकेत परत गेली. जांभळी राणी तिथे होतीच, थोडी ठेवायची म्हणून ठेवलेली, आणि टाकी पुन्हा भरलेली. आत्यानं ती मोकळी केली नाही, वाळायलाही टाकली नाही, तिला हातच लावला नाही. पण गिऱ्हाईक त्या टाकीपाशी थांबलं की हातातली पट्टी टाकून धावत जायची.

"ताई, हे नका नेऊ. रॅम्पंट आहे हे."

"म्हणजे?"

"आवरत नाही. वाढतच जातं. काही केलं तरी मरत नाही."

"अगं बाई! तेच तर हवंय आम्हाला. आमच्याकडे सगळंच मरतं हो." आणि एक नेणारी बाई दोन नेत असे.

मालकानं एकदा ऐकलं. "पट्टीबाई, तुम्ही तर माझ्यापेक्षा चांगलं विकता."

त्या दिवशी ती कामावरून घरी न येता परस्पर तळ्यावर गेली. मग रोजच. गुडघाभर पाण्यात उभी राहून आकड्यानं ओढायचं, कवेत घ्यायचं, काठावर टाकायचं. काठावरचा ढीग वरून तपकिरी झाला होता, पण खालून त्याला हिरवे कोंब होते. आईनं आधी समजावलं, मग ओरडून बघितलं, मग चहा थर्मासमध्ये भरून माझ्या हाती पाठवायला सुरुवात केली. आत्या ढिगाला टेकून चहा प्यायची आणि म्हणायची, "धक्क्यापुरतं तरी मोकळं व्हायला हवं. नाव हलवता आली तर पुढचं पुढे बघू." नाव तिथेच बांधलेली होती. पानं तिच्या कडेपर्यंत चढली होती आणि लांबून बघणाऱ्याला ती नाव आहे हे कळलं नसतं.

एका संध्याकाळी मी थर्मास घेऊन गेले तेव्हा बाबा धक्क्यावर उभे होते. गणवेशातच होते, शिट्टी गळ्यात. फेरी बंद झाल्यापासून ते पहिल्यांदाच तिथे आले होते. आत्यानं त्यांना बघितलं आणि ती हसली, चोरी पकडल्यासारखी.

"बघ," ती म्हणाली. "पायरीपासून एवढं निघालंय. आणखी थोडं निघालं की तुझी नाव सुटी होईल."

"ताई, बाहेर ये."

"येते. एवढं कवेतलं टाकते."

"मी सांगतो ते ऐक. तू सगळं तळं काढलंस ना, तरी मी आता नाव घालणार नाही."

आत्याच्या कवेतून पाणी गळत होतं. "का रे?"

"माणसं बसनं जातात आता. सवय झाली त्यांना. मलाही झाली." बाबांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. "आणि मला या पाण्याकडे बघवत नाही."

"मग मी कशाला काढतेय?"

"तेच विचारायला आलो."

तिनं कवेतलं हळूच खाली सोडलं, काठावर नव्हे, पाण्यातच. मी हात दिला. ती पायरीवर आली, पदर पिळला. थर्मास मी पुढे केला तो तिनं घेतला नाही. आम्ही चढाकडे न जाता रस्त्याकडे चालू लागलो, कारण बाबांना बसनं बाजारात जाऊन काही आणायचं होतं आणि त्यांना आम्ही सोबत हव्या होत्या. भावाबहिणीला शेजारी शेजारी पायी चालताना मी फारसं बघितलं नव्हतं. दोघांनाही त्या रस्त्यानं असं सोबत चालायची सवय नव्हती.

थोडं पुढे गेल्यावर आत्या म्हणाली, "तू माझ्यावर रागावलायस का रे?"

"नाही."

"थोडासा?"

"नाही गं."

"खरं सांग."

"खरंच सांगतोय. राग येतच नाही मला."

"अरे, रागव ना माझ्यावर," आत्या म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "एकदा तरी ओरड. तुझी नाव गेली माझ्यामुळे. ओरड ना."

बाबांनी तिच्या ओल्या बाहीला चिकटलेलं एक पान काढून रस्त्याच्या कडेला टाकलं. "चल ताई," म्हणाले, "बस येईल."